पोडियमच्या रॅम्पवर अडकलेला 'फोर एच': एका गाडीचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. गाडीची कंपनी, गॅरेज, टायरवाला आणि टो करायला आलेली संस्था यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घटनाक्रम आणि मापं मात्र माझ्या वहीत त्या वेळी लिहून ठेवली तशीच आहेत.

पार्श्वभूमी

मी मुंबईतल्या एका आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. गाडीचे मालक मुलुंडला राहतात, वय पंचावन्नच्या पुढे. त्यांना इथे काका म्हणतो आणि त्यांच्या मुलीला ताई. प्रत्यक्षातही मी त्यांना अशीच हाक मारतो.

काकांचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात. घर गावठाणात नाही, शेतात आहे. डांबर संपलं की पुढे दीड किलोमीटर कच्ची वाट. पावसाळ्यात त्या वाटेवर ट्रॅक्टर जातो, बैल जातात, साधी गाडी जात नाही. आवणीच्या दिवसांत दर शनिवारी गावी पोचायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, म्हणून त्यांनी सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा, त्यावर चार जागा: टू एच (दोन चाकांना जोर), फोर एच (चारही चाकांना), एन (न्यूट्रल) आणि फोर एल (चारही चाकांना, पण संथ गतीत). गाडी चांगली होती आणि गरजही खरी होती. सोसायटीत मिरवायला घेतलेली ती गाडी नव्हती, हे आधीच सांगतो.

गाडीबरोबर माहितीपुस्तक मिळालं नाही. विकणाऱ्याने एकच वाक्य सांगितलं: "पावसात फोर एचमध्ये टाका साहेब, गाडी जमिनीला चिकटून चालते." काकांनी ते मनावर घेतलं.

आणखी एक गोष्ट आधी घडून गेली होती. जूनच्या सुरुवातीला मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. टायरवाल्याने दोनच बदलायला सांगितले आणि नवे मागे बसवले. साध्या गाडीसाठी हा सल्ला बरोबर आहे. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे घालतात, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी घसरत नाही. या गाडीत तोच सल्ला पुढे अंगावर आला.

त्या संध्याकाळी काय झालं

जुलै महिना. दुपारपासून पाऊस. काका सायनहून एलबीएस मार्गाने मुलुंडला निघाले. कुर्ल्याला पाणी भरलं होतं, अर्ध्या चाकापर्यंत. मुंबईत 26 जुलै 2005 ला जे रस्त्यावर होते (त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला) त्यांच्या पोटात असं पाणी बघून आजही गोळा येतो, आणि काका त्या रात्री कुर्ल्यातच अडकले होते. त्यांनी फोर एच टाकला. गाडी पाण्यातून निघाली. बंद पडलेल्या दोन-तीन गाड्या बाजूला दिसल्या. फोर एचमुळे आपण सुटलो, असं त्यांना वाटलं, आणि मग घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत ते फोर एचमध्येच मुलुंडपर्यंत आले. स्टिअरिंग थोडं जड लागत होतं, एवढं त्यांना आठवतं.

सोसायटीचं पार्किंग पोडियमच्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंग मजल्यांच्या, तिसऱ्या मजल्यावर. वर जायला गोल रॅम्प, मजल्यामागे एक पूर्ण वळसा. छप्पर असल्यामुळे काँक्रीट कोरडं. पहिल्या वळशात टायर किंचाळले. दुसऱ्यात स्टिअरिंग हाताला उलटा जोर द्यायला लागलं. तिसऱ्या मजल्यावर आपल्या जागेत वळताना गाडी कुणी ब्रेक दाबून धरल्यासारखी अडली, धक्का देऊन पुढे गेली, पुन्हा अडली. काकांनी दांडा टू एचकडे ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. फोर व्हीलचा हिरवा दिवा तसाच जळत राहिला.

गाडीच्या पोटात काय चाललं होतं

इथे थोडं थांबायला हवं. बाकीचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळं अंतर चालतात. बाहेरचं चाक जास्त, आतलं कमी. काकांच्या गाडीत डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर. रॅम्पच्या एका पूर्ण वळशात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 9.4 मीटर जास्त फिरतं. वळसा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. हा फरक पचवण्यासाठी ॲक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, मध्ये डिफरन्शिअल असतं. आतल्या छोट्या गिअरांमुळे एका बाजूचं चाक हळू फिरलं की दुसरं तेवढंच जोरात फिरू शकतं. 1827 साली पेकर या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. आजही तत्त्व तेच आहे.

आता दुसरा फरक, ज्याकडे कुणी बघत नाही. पुढची चाकं आणि मागची चाकंही सारखं अंतर चालत नाहीत. वळताना मागची चाकं आतून कापत जातात. बैलगाडी असो की एसटी, वळणावर मागचं चाक कोपऱ्याला घासून जातं ते यामुळेच. रॅम्पवर मागचा ॲक्सल समजा 6 मीटर त्रिज्येने फिरतो आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये 2.7 मीटर अंतर आहे. मग पुढचा ॲक्सल साधारण 6.6 मीटर त्रिज्येने फिरतो. एका वळशात पुढची चाकं मागच्यांपेक्षा साडेतीन मीटरहून जास्त अंतर चालतात. तीन मजल्यांत जवळजवळ 11 मीटर. काकांच्या गाडीच्या टायरचा घेर सुमारे 2.3 मीटर आहे. म्हणजे वर पोचेपर्यंत पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा साडेचारहून जास्त फेरे अधिक हवे होते.

टू एचमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो, पुढची चाकं मोकळी. त्यांना हवे तेवढे फेरे घेता येतात. फोर एच टाकला की ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलकडे जोर नेणारे लांब दांडे, एकमेकांना पक्के जोडले जातात. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार, दुसरा मार्ग नाही. ते साडेचार फेरे मग मिळणार कुठून? टायर घसरून. चिखलात, वाळूत, खडीवर टायर सहज घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या काँक्रीटवर टायर घसरायला तयार नसतो. तो पिळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये, सांध्यांमध्ये साठत जातो, ओला कपडा पिळावा तसा, आणि असह्य झाला की टायर एकदम सुटतो. काकांना बसलेले धक्के ते हेच. दांडा अडकतो त्याचंही कारण हेच: पिळ असेपर्यंत आतले दात एकमेकांवर इतक्या जोराने दाबलेले असतात की सरकणारी कडी सरकत नाही.

त्यात टायरांची भर. दुसऱ्या दिवशी मी मोजलं: पुढच्या टायरांची नक्षी 3 मिलिमीटर उरलेली, मागच्या नव्यांची 8. त्रिज्येत 5 मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात 31 मिलिमीटर. एका किलोमीटरमध्ये हा फरक साडेतेरा मीटर होतो, आणि तोही सरळ रस्त्यावर. लहान झालेल्या पुढच्या चाकांना मुळातच जास्त फेरे हवे होते, वळणावर आणखी जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या, म्हणून त्या बेरजेत आल्या. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत ओल्या डांबरावर टायर थोडे थोडे घसरत राहिले म्हणून प्रकरण निभावलं. कोरड्या रॅम्पवर निभावलं नाही.

"फोर व्हील ड्राइव्ह" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या यंत्रणांना वापरतो, आणि घोळ तिथून सुरू होतो. जिप्सी, थार, जिम्नी, गुरखा यांत वर सांगितलेली पार्ट-टाइम पद्धत आहे, फोर एच टाकला की पुढचं-मागचं पक्कं जोडलेलं. रेनो डस्टरच्या एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) गाडीत किंवा मारुतीच्या ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप गाडीत मधे एक क्लच असतो. पुढची चाकं घसरायला लागली की तो मागे जोर पाठवतो, आणि ऑटोमध्ये ठेवून कोरड्या रस्त्यावर चालवलं तरी काही बिघडत नाही. तिसरी पद्धत फुल-टाइम, ज्यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्येही एक डिफरन्शिअल असतं, जसं लँड क्रूझर प्राडोमध्ये. केवळ नावावर विसंबून चालत नाही. आपल्याकडे आलेली पहिल्या पिढीची फॉर्च्युनर फुल-टाइम होती, त्यानंतरची पार्ट-टाइम आहे. एका फॉर्च्युनरवाल्याचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

विकणाऱ्याचं वाक्य तिसऱ्या प्रकारच्या गाडीसाठी खपून गेलं असतं. काकांच्या गाडीसाठी ते चूक होतं.

पहिला निर्णय: टो करायची की नाही

काकांनी मदतीसाठी फोन केला तेव्हा तासाभराने टो करणारी गाडी आली. पोडियममध्ये उंची कमी, त्यामुळे चारही चाकं वर घेणारी सपाट पाठीची गाडी आत येऊ शकत नव्हती. आली ती छोटी क्रेन. पुढची दोन चाकं उचलायची आणि मागची जमिनीवर ठेवून ओढत न्यायचं. ती माणसं तयारीला लागली.

ताई मेकॅनिकल इंजिनिअर नाही, बँकेत काम करते. तिने एवढंच विचारलं, "बाबा, दिवा जळतोय म्हणजे पुढची आणि मागची चाकं अजून जोडलेली आहेत ना? मग मागची फिरली तर पुढची पण फिरतील ना, हवेत?" काका म्हणाले, "अगं, त्यांना रोजची सवय आहे, ते बघतील." ती म्हणाली, "थांबा, पाच मिनिटं द्या." आणि तिने मला फोन लावला.

सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण मी हाच मानतो. त्या प्रश्नामुळे गाडी वाचली. फोर एचमध्ये अडकलेली गाडी दोन चाकांवर ओढली असती, तर मागच्या चाकांमधून ट्रान्सफर केस आणि पट्ट्यात बांधलेला पुढचा ॲक्सल दोन्ही फिरले असते किंवा फिरायला अडले असते. रॅम्पच्या उतारावर काय तुटलं असतं ते सांगणं कठीण. चाकं जोडलेली असतील तर गाडी चारही चाकं वर घेऊनच न्यायची. क्रेनवाल्यांनीही ऐकून घेतलं आणि ते निघून गेले.

समोरचे पर्याय

रात्री काकांच्या नेहमीच्या गॅरेजचा उस्ताद येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं: दांडा इतका पक्का अडकलाय म्हणजे आतला फोर्क (कडी सरकवणारा काटा) वाकलाय किंवा पुढच्या शाफ्टला फिरवणारी चेन ताणलीय, ट्रान्सफर केस उतरवावी लागेल. नवी घेतली तर खर्च लाखाच्या घरात. नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी मिळेल, ती बसवून देतो. त्याला मी लबाड म्हणणार नाही. ताणलेल्या चेनचा आवाज आणि पिळामुळे बसणारे धक्के वरवर सारखेच वाटतात, आणि दोन्ही हातांनी दांडा ओढल्यावर फोर्क वाकूही शकतो. त्याने जे आयुष्यभर उघडून बघितलं, तेच त्याला इथे दिसलं.

म्हणजे तीन वाटा होत्या. ट्रान्सफर केस उतरवून उघडायची. कुर्ल्याची जुनी आणून टाकायची. किंवा आधी पिळ सोडवून बघायचा, मग तेल काढून तपासायचं, टायर मोजायचे, आणि त्यानंतरच काही उघडायचं की नाही ते ठरवायचं.

माझं मत तिसऱ्याला होतं, आणि कारण साधं. पिळ सोडवायला पैसे लागत नाहीत, आणि सोडवून काही बिघडत नाही. जुनी ट्रान्सफर केस मला मुळीच पसंत नव्हती. ती कुठल्या गाडीतून निघाली, किती पाण्यात बसली, कुणाला माहीत? शिवाय टायरांचा फरक तसाच राहिला असता आणि तीही वर्षभरात याच रॅम्पवर अडकली असती. काकांना मात्र "काही न उघडता कसं कळणार?" हा प्रश्न सतावत होता. तो प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर तेलात होतं, पण त्याकडे मी हवं तेवढ्या लवकर गेलो नाही. ते पुढे येईल.

काय केलं

सकाळी सातला पार्किंगमध्ये पोचलो. आजूबाजूच्या गाड्या काढायला लावल्या. आधी स्टिअरिंग सरळ केलं, इंजिन सुरू केलं, रिव्हर्स टाकून अगदी हळू तीन मीटर मागे घेतली आणि त्याच वेळी दांड्यावर टू एचच्या दिशेने दोन बोटांचा हलका दाब ठेवला. काही झालं नाही.

दुसऱ्या वेळी विचार बदलला. पिळ पुढे जाताना वळणावर भरला होता. तेच वळण उलट दिशेने घेतलं तर तो उलट सुटेल. काकांनी जागेत गाडी ज्या कमानीने आत घातली होती, त्याच कमानीने, स्टिअरिंग त्याच बाजूला ठेवून मागे घेतली. दीड मीटर गेलो असेन, खालून "टक्" असा आवाज आला आणि दांडा आपोआप सरकल्यासारखा टू एचमध्ये आला. दिवा विझला. काका शेजारी उभे होते, त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत.

मग टू एच-फोर एच असा दांडा पाच-सहा वेळा हलवून बघितला. मऊ चालत होता. फोर्क वाकलेला नव्हता. रॅम्पवरून टू एचमध्ये खाली-वर केलं, ना किंचाळणं ना धक्का.

मागच्या डिफरन्शिअलमधलं पाणी

दांडा सुटला आणि मी समाधान मानलं. "पुढच्या आठवड्यात तेलं बदलून घ्या, टायरही बघा," असं सांगून निघालो. ही माझी चूक होती आणि तिची किंमत काकांनी मोजली.

अर्ध्या चाकापर्यंत पाणी म्हणजे डिफरन्शिअल निदान निम्मं तरी बुडालेलं. चालून गरम झालेली त्याची पेटी एकदम थंड पाण्यात गेली की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून हवा ओढते. ती हवा ब्रीदर नावाच्या छोट्या नळीतून यायला हवी. काकांच्या गाडीचा मागचा ब्रीदर गावच्या वाळलेल्या चिखलाने बुजला होता. मग हवेऐवजी ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं गेलं. पाण्यातून गाडी सुटली ती फोर एचमुळे नव्हे, इंजिनाची हवा घेण्याची जागा पाण्याच्या वर राहिली म्हणून. पाण्याखाली रस्ता पक्का होता, तिथे पकड चिखलाइतकी कमी नसते. फोर एचने तिथे काहीच मदत केली नव्हती, आणि खरं नुकसान कुठे होतंय तिकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

सहा दिवस गाडी तशीच चालली. सहाव्या दिवशी ताईने फोन केला: "पन्नासच्या आसपास मागून घूं-घूं आवाज येतो. ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो." मी तिथल्या तिथे समजलो. गॅरेजमध्ये ड्रेन प्लग काढला तर मागच्या डिफरन्शिअलमधून दुधाच्या चहासारखं तेल आलं. पिनियनच्या (शाफ्टचा जोर आत आणणाऱ्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगवर गंजाचे ठिपके आणि खड्डे पडले होते. पुढच्या डिफरन्शिअलचं तेल किंचित धुरकट, ट्रान्सफर केसचं स्वच्छ. तिच्या चुंबकी प्लगवर थोडी बारीक चमक होती, तुकडा एकही नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या प्लगवर होतं. चेन आणि गिअर ठीक होते.

उस्तादाने मागचं काम फार नीट केलं. बेअरिंग आणि सील नवे, क्राउन (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) आणि पिनियनची जुळणी पुन्हा मापून बसवलेली, ब्रीदरची नळी लांब करून वर बांधलेली. तेल भरायचं, थोडं चालवायचं, काढून टाकायचं, असं दोनदा करून मग शेवटचं तेल भरलं. इथे एक गोष्ट त्याच्याशी बोलून ठरवली. डिफरन्शिअलमध्ये हायपॉइड गिअर असतात, दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइलच लागतं. ट्रान्सफर केसमध्ये तेच टाकायचं असं नाही. काही गाड्यांत तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल असतं. आम्ही त्या मॉडेलचं माहितीपुस्तक मिळवलं आणि त्यात बघूनच भरलं.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे केले. मागचे दोन जवळजवळ नवे होते म्हणून तसेच दोन पुढे घेतले. स्टेपनी जुनी, झिजलेली. पंक्चर झाल्यावर ती लावली तर त्या काळात टू एचमध्येच चालवायची, असं ठरलं.

गावातला बांध

ऑगस्टमध्ये काका मला गावी घेऊन गेले. शेतातल्या वाटेवर फोर एच अगदी योग्य जागी होता. चाकं चिखलात थोडी घसरत, गाडी मस्त चालली. मग वाट एका बांधावरून तिरकी जाते तिथे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खड्ड्यात लटकलं. फोर एच चालू, दोन लटकलेली चाकं गरगर फिरतायत, जमिनीवरची दोन थंड. काका म्हणाले, "सर, हे कसं? चारही चाकांना जोर आहे ना?"

डिफरन्शिअलची दुसरी बाजू इथे दिसते. ते दोन्ही चाकांना वेग वेगळा घेऊ देतं, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतं. लटकलेल्या चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य, मिळतो. फोर एचने पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडला, पण ॲक्सलच्या आत डावं-उजवं मोकळंच राहिलं. म्हणूनच गुरखासारख्या गाडीत पुढे-मागे डिफरन्शिअल लॉकचे वेगळे दांडे असतात. लॉक केलं की डावं-उजवं एक होतं आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढतं. काही गाड्या घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून तेच साधतात. काकांच्या गाडीत दोन्ही नव्हतं.

आम्ही गाडी थांबवून फोर एल टाकला. तो गाडी उभी असतानाच टाकायचा. त्यात चाकं संथ फिरतात आणि जोर चांगलाच वाढतो. हँडब्रेक दोन खाचा वर ओढला, म्हणजे मागच्या लटकलेल्या चाकाला थोडा अडथळा मिळाला आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळला. काकांच्या भावाने खड्ड्यात दोन दगड टाकले. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला फारसा पाय न लावता चढून गेली. खरं सांगायचं तर निम्मं काम दगडांनी केलं.

काय वेगळं करता आलं असतं

कुर्ल्याला पाणी दिसल्यावर काका थांबू शकत होते किंवा मागे वळू शकत होते. ते गेले, हे मी समजू शकतो. पण पाण्यातून बाहेर पडल्यावर रस्ता डांबरी होता, तेव्हाच दांडा मागे घ्यायला हवा होता. ओलं डांबरही पार्ट-टाइम गाडीसाठी कोरड्याच्या जवळचं. आणि ब्रेक लावल्यावर थांबायला फोर एच काडीची मदत करत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, कारण हायवेवर पावसात फोर एच टाकून वेग वाढवणारे मी पाहिले आहेत. रॅम्पवर पहिल्या किंचाळण्याला थांबून, तिथल्या तिथे त्याच वळणाने मागे घेतली असती तरी दांडा सुटला असता. हातांनी ओढाओढ करण्यात फोर्क जाता जाता वाचला.

टायरवाल्याने खालचा छोटा दांडा बघितला असता तर चार टायर घ्यायला सांगितलं असतं. काकांनीही गाडी फोर बाय फोर आहे हे त्याला सांगितलं नव्हतं.

मी त्याच सकाळी तिन्ही तेलांचे प्लग उघडायला लावायला हवे होते. "गाडी किती पाण्यात गेली होती?" हा प्रश्न मी फोनवर विचारला होता, उत्तर वहीत लिहिलंही होतं, आणि तरी दांड्याच्या मागे लागून ते विसरलो. आता वर्गात हे प्रकरण शिकवताना मी मुलांना आधी ते वहीचं पान दाखवतो.

निष्पत्ती

ट्रान्सफर केस मूळचीच आहे. खर्च झाला तो मागच्या बेअरिंगवर, तेलांवर आणि दोन टायरांवर. उस्तादाने सांगितलेल्या नव्या ट्रान्सफर केसच्या तुलनेत फार कमी, पण बेअरिंगचा खर्च टळला असता. मागे लॉक होणारं डिफरन्शिअल बसवावं का, यावर काका आणि ताई यांचं एकमत अजून झालेलं नाही. ताईचं म्हणणं, वर्षातून एकदा येणाऱ्या बांधासाठी दगड पुरेत.

गाडीच्या वायसरला ताईने हाताने लिहिलेला कागद लावलाय: "खाली माती आहे का?" त्याखाली टायरची पाळी बदलायच्या तारखा आहेत. पाच हजार किलोमीटर झाल्यावर तिने पोडियममधल्या सरळ पट्ट्यात टायरवर आणि जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, चाकाचे पाच फेरे होईपर्यंत गाडी ढकलत नेली, पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजलं आणि मला फोटो पाठवला. पाच फेऱ्यांत फरक 6 मिलिमीटर.